खोलीतलं खोलीत

मला नववीच्या वर्षी काय झालं होतं असं कुणी विचारलं, की माझ्या तोंडून अजूनही आधी "टायफॉइड" असंच निघतं. सवय झाली आहे. गावात तेच सांगितलं होतं, नातेवाइकांत तेच, पुढे माझ्या लग्नाच्या बोलणीतही तेच. टायफॉइड हा मोठा सोयीचा आजार. माणूस वाळतं, केस गळतात, महिना-दोन महिने दिसत नाही आणि कुणी खोदून विचारत नाही.

मला टायफॉइड झाला नव्हता, डिप्रेशन झालं होतं. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं आणि आमच्या झाडीपट्टीत, चंद्रपूरकडे नागभीडच्या बाजूला, या दुखण्याला नाव नव्हतं. मी त्यातून बरी झाले. माझ्या शाळेतल्या एका बाईंमुळे बरी झाले, हे आधीच सांगून टाकते. घरात असं मूल असणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. आणि थोडं बाबांसाठी लिहिते आहे. ते आता वाचायला नाहीत, याची हळहळ प्रत्येक ओळीला होते आहे.

लिंबू

बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आम्ही बौद्ध. दीक्षा घेतली त्या वर्षी आजीने घरातले देव टोपलीत भरले आणि वैनगंगेत सोडून आली, ही गोष्ट आमच्या घरात दर सणाला सांगितली जायची. देव गेले तरी लोकांची भुतं गेली नव्हती, म्हणून बाबांनी भुतांचा पिच्छा पुरवला. शाळा सुटली की सायकल काढून आजूबाजूच्या गावी जायचे. जास्वंदीचं फूल चोळलेल्या सुरीने लिंबू कापायचे, लाल रस दाखवायचे आणि म्हणायचे, "हे पाहा तुमचं भूत. जास्वंदीच्या झाडावर राह्यते." लोक पोट धरून हसायचे. लहानपणी ते लिंबू धरायचं काम माझ्याकडे असे. मला बाबांचा फार अभिमान होता.

नववीत, धान कापणीला आलं त्या सुमारास, माझं आतलं काहीतरी बंद पडू लागलं. याहून नीट शब्द मला आजही सापडत नाही. सकाळी डोळे उघडले की रडू यायचं आणि कशाचं ते कळायचं नाही. भात तोंडात मातीसारखा लागायचा. वेणी घालायची म्हणजे डोंगर चढायचा. माणसं बोलायची ती मला ऐकू यायची, पण उत्तर द्यायला तोंड उघडायचं नाही. हळूहळू मी बोलणंच सोडलं. आपण नसलो तर या घराचं ओझं कमी होईल, असं वाटायला लागलं, आणि ते वाटणं दिवसेंदिवस शहाणपणाचं दिसायला लागलं. या आजाराची हीच लबाडी आहे. तो खोटं बोलतो, आणि ते आपल्याच आवाजात बोलतो.

गावात कुजबूज सुरू झाली. "पाहा, लोकायचे भूत काढते अन् गुरुजीच्याच घरी येऊन बसलं." हे बाबांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी पारावर चार माणसं बसलेली पाहून ते मुद्दाम थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "माह्या पोरीले काहीच नाई झालं. अभ्यासानं थकली, बस."

काहीच नाही. हे दोन शब्द आमच्या घरात पुढे कित्येक महिने नांदले.

बाबांची चूक काय झाली ते मला मोठेपणी कळलं. तशी चूक आमच्यासारख्यांच्याच घरी होऊ शकते. भूत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ताप नाही, हे थर्मामीटर सांगत होता. मग उरलं काय? त्यांच्या हिशेबात काही उरतच नव्हतं. शेजारच्या घरची पोरगी अशी बसली असती, तर तिला निदान पुजाऱ्याकडे, म्हणजे भूत उतरवणाऱ्याकडे, नेलं असतं. उपाय चुकीचा झाला असता, पण पोरगी आजारी आहे एवढं तरी घराने कबूल केलं असतं. आमच्याकडे भूत हाकलता हाकलता दुखणंही दाराबाहेर गेलं. शिवाय मला काही झालं आहे असं बाबा म्हणाले असते, तर त्यांची सगळी लिंबं वाया गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मायला राहवेना. तिने गुपचूप कुठूनतरी काळा दोरा आणला आणि माझ्या दंडाला, पोलक्याच्या बाहीखाली बांधला. बाबांना दिसला तेव्हा त्यांनी तो कापला. सुरी तीच होती, लिंबाची. माय त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली.

"तुमच्या भाषणापायी माही पोट्टी जाईन हातची! तुमाले गावाची पडली हाये."

"दोऱ्यानं होते का काही?"

"मंग कशानं होते ते तुमी सांगा!"

बाबा अंगणात जाऊन बसले, आणि जेवायलाही आत आले नाहीत. आमच्या घरात दोघंही माझ्यावर जीव टाकत होते आणि दोघांच्याही हातात काही नव्हतं.

हजर

हायस्कूल बाजाराच्या गावी होतं. मी जात होते, कारण घरी बसले तर लोक बोलले असते. बाकावर जाऊन बसायचं आणि उठून यायचं, एवढंच. हजेरी घेताना माझं नाव आलं की शेजारची कुसुम "हजर बाई" म्हणून टाकायची. कुसुम माझी मैत्रीण. तिने हे काम न सांगता उचललं होतं आणि इतकं बेमालूम करायची, की कुणाला पत्ता लागत नव्हता.

पत्ता लागला तो बोरकर बाईंना. त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. वर्ध्याकडच्या होत्या, उंच, आवाज असा, की शेवटच्या बाकावरची झोप उडावी. एकदा हजेरी झाल्यावर त्यांनी पट बंद केला आणि म्हणाल्या, "कुसुम, तुझा आवाज आज दोन नंबरांवर आला. चांगला आहे, पण सुजाताचा कुठं गेला?" वर्ग हसला. मी हसले नाही, रडलेही नाही. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नद्यांचा धडा सुरू केला.

तास सुटल्यावर त्या सहज म्हणाल्या, "ग्रंथालयातली पुस्तकं फाटलीत. मधल्या सुट्टीत चिकटवायला येशील? मला मदत पाहिजे."

शाळेने बाईंना नागपूरला एका छोट्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. दहावीनंतर मुलांनी कुठं जावं, आयटीआय की डी.एड., हे सांगण्यासाठी. शाळेच्या लेखी त्या 'मार्गदर्शन शिक्षिका' होत्या. पण तिथं शिकवणाऱ्या कुणीतरी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. मूल पुढे कुठं जाणार हे विचारण्याआधी ते आत्ता कुठं आहे हे पाहायचं. बाई परत आल्या आणि त्यांनी हेडसरांकडून प्रयोगशाळेमागची नकाशांची खोली मागून घेतली. तिथं 'मार्गदर्शन' अशी पाटी लावली असती, तर एकही पोर फिरकलं नसतं. म्हणून पाटी नाही. पुस्तकं चिकटवायची.

खळ

त्या खोलीत गुंडाळलेले नकाशे होते, एक मोडकी पृथ्वी होती आणि एक लांब टेबल. टेबलावर मैद्याची खळ भरलेला डबा. बाई ती घरून शिजवून आणायच्या, कीड लागू नये म्हणून घातलेल्या मोरचुदाने ती निळसर दिसायची. दोघींनी एकाच बाजूला बसायचं, समोरासमोर नाही. फाटलेलं पान जुळवायचं, पातळ कागदाची पट्टी लावायची, दाबून धरायचं.

पहिले कितीतरी दिवस मी एक शब्द बोलले नाही आणि बाईंनी एक प्रश्न विचारला नाही. त्या आपल्याच गोष्टी सांगायच्या. भाड्याच्या घरात उंदीर किती, त्यांच्या नवऱ्याला चहा कसा जमत नाही. कधी नुसत्या गप्प बसायच्या. गप्प बसण्याबद्दल मला कुणी रागावत नाही अशी जगात तेवढीच जागा होती.

एक दिवस हातात भूगोलाचंच पुस्तक होतं. वैनगंगेच्या नकाशाचं पान मधोमध फाटलेलं. मी ते जुळवत होते आणि माझ्या तोंडून निघालं, "बाई, मले सकाळी उठावंसं नाई वाटत."

बाईंचा हात थांबला नाही. "कधीपासून?" एवढंच त्या म्हणाल्या.

मग मी बोलत गेले. इतके दिवस न वापरलेला आवाज घोगरा झाला होता. आपण नसलो तर बरं, हेही सांगितलं. हे वाक्य मी मोठ्याने पहिल्यांदा म्हटलं, आणि म्हटल्यावर ते डोक्यात होतं तेवढं शहाणपणाचं वाटेना.

बाईंनी खळीचे हात पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "हे बघ सुजाता. या खोलीतलं या खोलीतच राहते, हा इथला नियम आहे. माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही, कुणी कितीही विचारलं तरी. पण जिवाला धोका असला तर मी गप्प बसू शकत नाही. म्हणून तू शेवटचं जे म्हणालीस ना, तेवढं मी तुझ्या बाबांना सांगणार आहे. तुला विचारून नाही, पण तुला सांगून. आणि मी डॉक्टर नाही. मला ऐकता येते आणि कुठं पाठवायचं ते माहीत आहे, एवढंच."

मला त्यांचा राग आला नाही. उलट कुणीतरी माझ्या मरण्याला घाबरलं, याचंच बरं वाटलं. घरीही माय-बाबा घाबरलेच होते, पण तिथं ती भीती 'काहीच नाही'च्या खाली दाबून ठेवलेली होती.

बाबा खोलीत जातात

बाई आमच्या घरी आल्या तेव्हा बाबांनी त्यांना मान दिला, चहा दिला आणि ऐकून घेतलं. मी दाराआड होते. ती 'नसलो तर बरं'ची गोष्ट ऐकताना माय ओट्यावर खाली बसली. मग बाबा म्हणाले, "बाई, नागपूरले मंजे वेड्याच्या डॉक्टरकडे?"

"मनाच्या डॉक्टरकडे, गुरुजी."

"लोक काय म्हणतीन माहीत हाये तुमाले? गुरुजीची पोरगी..."

"भूत नाही, हे तुम्हीच शिकवलं ना सगळ्यांना? मग पोरगी का बोलत नाही? काहीतरी कारण असणारच. तेवढं शोधू द्या."

बाबांनी हो म्हटलं नाही. बाई उठताना म्हणाल्या, "गुरुजी, शाळेत या एकदा. पुस्तकं फार फाटलीत, मला मदत पाहिजे."

मी दाराआड दचकले. बाबा काय समजायचे ते समजले असतील. दोन-तीन दिवसांनी, दुपारी, वर्गाच्या खिडकीतून मला त्यांची सायकल नकाशांच्या खोलीबाहेर दिसली. तास संपला, दुसरा संपला, सायकल तिथंच. शाळा सुटली तेव्हा ते बाहेर आले. डोळे लाल होते. बोटांना खळ वाळून चिकटली होती आणि ते ती सोलत होते. मला पाहून म्हणाले, "सोमवारी नागपूरले जाऊ."

आत काय बोलणं झालं, ते मी बाईंना पुढे एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, "खोलीतलं खोलीत." मी पुन्हा विचारलं नाही. माझं त्यांनी जपलं होतं, तसंच बाबांचंही जपत होत्या. त्या वेळी मला हे फार थोर वाटलं होतं.

नागपूर

नागभीडहून छोटी आगगाडी नागपूरला जायची. रमतगमत, जंगलातून, वाटेत कुणी हात केला तर थांबेल की काय असं वाटावं अशी. माय आणि मी बाकावर, बाबा दारात. आख्ख्या प्रवासात त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टर तरुण होते. माझ्याशी आधी बोलले, मग मायशी, मग बाबांशी. नंतर तिघांना समोर बसवून म्हणाले, "याला डिप्रेशन म्हणतात. आजार आहे. आळस नाही, नाटक नाही, बाहेरचं काही नाही. औषध आहे. वेळ लागेल, पण बरी होईल." मी रडायला लागले. सुटल्यासारखं रडू होतं ते. माझ्या दुखण्याला नाव होतं. माय डॉक्टरांच्या पाया पडायला वाकली आणि त्यांनी तिला धरून उठवलं.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं झालं होतं का? आजी-आजोबा, काका, कोणी?"

"नाही," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "आठवून सांगा. उपचाराला मदत होते."

बाबांनी शर्टाचं पोटावरचं बटण लावलेलं असूनही पुन्हा चाचपलं. "नाही. आमच्याकडे कोणालेच नाई."

मला ठेवून घेतलं. बायकांच्या वॉर्डात माय माझ्याजवळ राहिली. सकाळी अॅल्युमिनियमच्या मगात चहा, मग गोळ्या. गोळी गिळली की नाही हे सिस्टर तोंड उघडायला लावून पाहायची आणि मला लहान झाल्यासारखं वाटायचं. पहिले काही दिवस औषधाने नुसती झोप यायची, तोंड कोरडं पडायचं. मला वाटलं, हे सगळं फुकट आहे. कुणी या औषधांवर असेल तर एवढंच सांगते, की ती लगेच लागू पडत नाहीत. त्या मधल्या दिवसांत धीर सुटतो, तेव्हा औषध सोडू नका.

दुपारी वॉर्डातल्या बायका रांगेने एकामागे एक बसायच्या आणि पुढचीच्या केसांना तेल लावून विंचरायच्या. भंडाऱ्याकडच्या एक आजी माझ्या मागे असायच्या. स्वतःच्या मुलाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण माझे गुंते त्या इतक्या हलक्या हाताने सोडवायच्या की मला झोप लागायची. एका दुपारी मी पुढचीला म्हटलं, "काकू, डोकं जरा खाली करा." मायच्या हातातला तांब्या खाली पडला. मी आपणहून बोललेलं तिने किती महिन्यांनी ऐकलं होतं.

परत

घरी आल्यावर गावाला टायफॉइड सांगितला. बाईंना ते पटलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "आत्ता तुला बरं व्हायचं आहे, गावाला सुधारायचं नाही." त्यांनी हेडसरांशी बोलून मला परीक्षेला बसू दिलं, बुडालेला अभ्यास कुसुमच्या मदतीने करून घेतला. रोज प्रार्थनेआधी मी खोलीत जाऊन खळ ढवळायचे. कधी बोलायचे, कधी नाही. गोळ्या घेतल्या का, एवढं बाई डोळ्यांनी विचारायच्या. वाईट सकाळ पुन्हा यायची, मग एक-दोन दिवसांत जायची. ती येते आणि जाते, हे मी त्या खोलीत शिकले. औषधाने मी उभी राहिले, पण चालायला त्या टेबलाजवळ शिकले.

खोलीत मी एकटी नव्हते. एका मुलाचे वडील दारू पिऊन मारायचे, एकीचं लग्न ठरवून टाकलं होतं. सगळ्यांना पुस्तकं चिकटवायची असायची. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाइतकी धड पुस्तकं जिल्ह्यात कुठं नसतील. मी दहावी झाले आणि संस्थेने बाईंची बदली वरोऱ्याकडच्या शाळेत केली. त्यांच्या जागी आलेल्या सरांना खोलीची गरज वाटली नाही. तिथं मोडके बाक भरले. आमच्यानंतरच्या पोरांना मधल्या सुट्टीत जायला कुठं जागा उरली नाही, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही. ते मला अजून लागतं.

बाबा बदलले. लिंबू ठेवून दिलं. गावोगावी जाणं बंद झालं. मायला वाटलं वय झालं. अधूनमधून त्यांचे गप्प दिवस असायचे. तसे ते पूर्वीही असत, माय म्हणायची, "आज गुरुजीचा मूड नाई." अशा दिवशी ते अंगणात बाजेवर बसून राहत. मी चहा घेऊन गेले की वर पाहायचे आणि म्हणायचे, "तुले तं समजतेच."

मी मान हलवायचे. थकले असतील, शाळेत काही झालं असेल, असं वाटायचं.

डी.एड.ला जाताना एस.टी.च्या खिडकीशी ते हेच म्हणाले. लग्नात पाठवणीच्या वेळी म्हणाले. कुणाशी न बोलता बसले असले आणि मी शेजारी जाऊन बसले की म्हणायचे. मी मान हलवायचे, आणि त्यांना बरं वाटल्यासारखं दिसायचं.

डाग

दशक सरता सरता बाबांना कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं. मी तोवर प्राथमिक शाळेत शिकवत होते, रजा टाकून त्यांच्याजवळ राहिले. सकाळचे नवखे डॉक्टर तपासायला आले. बाबांचा सदरा वर करून पोट दाबताना त्यांचा हात थांबला. बेंबीभोवती जुने, चकचकीत, गोल डाग होते. मला ते लहानपणापासून माहीत होते. लहान असताना चुलीवर पडलो, असं बाबा सांगायचे.

"हे कशाचे?"

"डाग देल्ले होते," बाबा म्हणाले. "इळा तापवून."

"कशासाठी?"

"बोलत नोतो म्हणून."

डॉक्टरांनी मान डोलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांच्या दृष्टीने ते जुनं दुखणं होतं. मी स्टूल बाबांच्या खाटेजवळ ओढलं.

प्रश्न विचारायचा नाही, हाताला काम द्यायचं, हे मला शिकवलेलं होतं. मी संत्रं घेतलं आणि सोलत बसले. अर्धं सोलून झाल्यावर बाबाच म्हणाले, "बोरकर बाईनं तं तुले सांगतलंच हाये सारं."

"काय सारं, बाबा?"

"मी पंधरा-सोळाचा होतो तवाचं. तुह्यासारखंच. माह्या मायनं पुजाऱ्याले बलावलं, त्यानं डाग देल्ले. त्या दिवशी खोलीत सारं सांगतलं म्या त्यायले."

"बाईंनी मले काही नाही सांगतलं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. डोळे पिवळे झाले होते, पण नजर साफ होती. "म्या सांगा म्हतलं नोतं. मले तुह्यापुढं बोलवलं नसतं. पण वाटलं, बाईमाणूस हाये, सांगनच." ते जरा हसले. मग हसू गेलं. "तुले माहीतच नोतं?"

"नाही, बाबा."

"मंग इतके वर्ष मान कायले हालवत होती?"

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की घरात एक माणूस आपल्याला ओळखतं. ते माणूस मी होते, आणि मला काही माहीत नव्हतं. ज्या नियमाने मला वाचवलं त्याच नियमाने आम्हा दोघांच्या मध्ये दार लावलं होतं. बाईंचा दोष नाही. त्यांनी शब्द पाळला. बाबांचाही नाही. त्यांना एकदा बोलायला शिकवलं होतं ते तापलेल्या लोखंडाने.

"मंग आता सांगू का?" बाबांनी विचारलं.

"सांगा ना."

"जरा डोया लागू दे. उठलो का सांगतो."

मी संत्र्याच्या फोडी वाटीत काढून ठेवल्या. दुपारनंतर त्यांना भ्रम झाला. डोळे उघडायचे, पण मला ओळखत नव्हते, मायला आपली आई समजत होते आणि "बोलतो, बोलतो" म्हणत होते. दोन दिवसांनी ते गेले.

पुढे मी वरोऱ्याला जाऊन बाईंना भेटले. सगळं ऐकून त्या रडल्या. "एकदा जरी म्हणाले असते, तिला सांगा..." एवढंच म्हणत राहिल्या. मग त्यांना आठवत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. ते इथं लिहीत नाही. मला ते आज माहीत आहे, पण बाबांच्या तोंडून नाही, आणि त्याचं दुःख जात नाही.

हे वाचणाऱ्याच्या घरात कुणी गप्प बसलं असेल तर शेजारी बसा, हाताला काम घ्या, घाई करू नका, आणि डॉक्टरकडे न्या. हे सगळं मला बाईंनी दिलं. एक गोष्ट माझी आहे. ते माणूस तुम्हाला म्हणालं, "तुले तं समजतेच," तर प्रेमाने मान हलवू नका. म्हणा, "नाई समजत बाबा. सांगा."